नाव न विचारण्याचा दिवस

माझे वडील दोनदा वारले. दुसऱ्यांदा वारले ते रीतसर, म्हातारे होऊन, डॉक्टरांच्या दाखल्यासह. पहिल्यांदा वारले तेव्हा ते आखातातल्या दुखानच्या आमच्या घरात, व्हरांड्यात बसून चहात खारी बुडवत होते आणि आपण वारलो आहोत याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. हा प्रसंग मी मंडळाच्या सहलीत सांगितलाय, लग्नाच्या पंगतीत सांगितलाय, एकदा तर मेट्रोत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलाय. हातवारे करून, आवाज बदलून, आईची नक्कल करून. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. मग मी "चला, चहा घेऊ" म्हणते आणि तिथंच थांबते. इथं थांबणार नाही. मात्र त्यासाठी मला आधी एक आगगाडी दरीत पाडावी लागेल.

बाबांचं गाव घाटाच्या पायथ्याशी. इंग्रजांनी घाटात रूळ टाकले त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि पौषातल्या एका धुकट पहाटे वरून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागेनात. वळणावर इंजिन रूळ सोडून गेलं आणि त्याच्यामागून डबे दरीत उतरले. गावानं आधी नुसता आवाज ऐकला. तो आवाज बाबा दरवर्षी काढून दाखवायचे: आधी लांब किंचाळी, मग दगडांवर पत्रा घासल्यासारखं काहीतरी, मग एकदम शांतता. दुखानच्या आमच्या हॉलमध्ये, एसीच्या घरघरीत, लुंगी नेसलेला तेलकंपनीचा फोरमन सोफ्यापाशी वाकून आगगाडी पडल्याचा आवाज काढतोय, हे दृश्य डोळ्यांपुढं आणा. माझ्यातली नाटकी बाई कुठून आली ते कळेल.

गाव धावलं. बाया कळश्या घेऊन धावल्या, पुरुषांनी पहारी घेतल्या. एक माणूस कमरेपर्यंत डब्याखाली अडकला होता आणि पाणी मागत होता. आमच्या घराण्यातला कुणी एक पूर्वज तांब्या घेऊन त्याच्यापाशी वाकला आणि त्यानं विचारलं, "तू कोण? कुणातला?" म्हणजे जात कोणती. आपलं पाणी त्याला चालतं की नाही, त्याच्या तोंडाला लागलेला तांब्या आपल्याला चालतो की नाही, हे ठरल्याशिवाय तांब्या कलंडणार कसा! त्या माणसानं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तो संपला. त्या पहाटे दरीत बऱ्याच जणांचं असंच झालं म्हणतात. पाणी हातात होतं आणि प्रश्न तोंडात. पुढं प्रेतांवर हक्क सांगायला फारसं कुणी आलंच नाही. जाळायचं की पुरायचं यावरही वाद झाला, आणि शेवटी नदीकाठी, ज्याला जे सुचेल तसं, गावानं त्यांना निरोप दिला. त्यांच्या घरचे लोक कुठल्या कुठल्या गावांत किती दिवस वाट बघत राहिले असतील, ते कुणालाच कळलं नाही.

तेव्हापासून गावात एक रीत आहे. पौषातल्या त्या तिथीला प्रत्येक घरानं वाटेवरचा एक अनोळखी माणूस घरी आणायचा. आधी पाणी द्यायचं, एक शब्दही न बोलता. मग जेवू घालायचं. तो जेवून उठेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही. आणि त्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. तो आपणहून सांगायला लागला तर त्याच्या पानात काहीतरी वाढून त्याचं बोलणं तोडायचं, कारण नाव कळलं की जात कळते, आणि जात कळली की आपला हात आखडतो, हे गावाला आपल्याबद्दल पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाला म्हणायचं फक्त पाहुणा. (हल्ली तिथं कमान बांधली आहे, फ्लेक्स लागतो, आमदार येऊन भाषण करतात. भाषणात तांब्याची गोष्ट नसते. गावकऱ्यांनी केलेल्या मदतकार्याची असते.)

आता ही रीत दुखानला पाळायची म्हणजे काय आफत, ते ऐका. आमची वसाहत कंपनीची. एकासारखी एक बैठी घरं, दोन झाडांची बाग, दाराशी पहारेकरी, पलीकडे एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे वाळू. आणि वाऱ्याची दिशा बदलली की खिडकीच्या फटीतून येणारा वायूचा वास. आमच्या दाराशी अनोळखी माणूस येणार कुठून? आई म्हणायची, "अहो, शेजारच्या कुरियनना बोलवा की. ते बिचारे कशालाही येतात." बाबा म्हणायचे, "ज्याला बनियनवर बघितलंय तो पाहुणा कसा?" मग ते गाडी काढून दोह्याच्या रस्त्यावर माणूस शोधायला जायचे. एका वर्षी एक सुदानी शिक्षक आणला. त्यानं कुळथाची पिठी चाटूनपुसून खाल्ली आणि आईसाठी इतकी लांब प्रार्थना म्हटली, की आमची भूक मेली. एका वर्षी रेडिएटर तापून बसलेला एक गोरा साहेब मिळाला. त्यानं हिरव्या मिरचीच्या ठेच्याला गोड चटणी समजून चमचाभर तोंडात घातला आणि "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणत, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना, सगळं संपवलं. एक पठाण ड्रायव्हर तर तांदळाच्या भाकऱ्यांची अख्खी चवड फस्त करून "और?" म्हणाला होता. मी या सगळ्यांच्या नकला करायची. पौषातला तो दिवस आमच्या घरी दिवाळीपेक्षा मजेचा असायचा, हे मला आज सांगताना जरा चमत्कारिक वाटतं.

मी नववीत होते त्या वर्षी तिथी गुरुवारी आली. इकडं आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून बाबांना त्या दिवशी अर्धी सुट्टी. दुपारी त्यांनी जो माणूस आणला तो रस्त्यावरच्या पेट्रोलपंपापाशी लिफ्टची वाट बघत उभा होता. निळा विटका डगला, गळ्याला मफलर, पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला. आईनं पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं पेला घेतला नाही. खाली वाकून ओंजळ पुढं केली. आईनं त्याचा एक हात धरून पेला त्या हातातच ठेवला. तो घटाघटा प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "लई गार हाय माय. जीव थंड झाला."

मराठी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मराठी पाहुणा. आईचा चेहरा असा फुलला, की ती रीत विसरून विचारायलाच निघाली होती. बाबांनी खाकरून तिला थांबवलं.

तो माणूस जेवला, आणि बोलला. किती दिवसांनी मराठीत बोलत होता कोण जाणे, थांबेचना. कुठल्याशा इज्ब्यावर, म्हणजे इकडच्या लोकांच्या उंट-शेळ्यांच्या गोठ्यावर, तो कुंपणाची भिंत बांधत होता. "मालक म्हणतो, भिंत सरळ न्हाई. म्या म्हणलं, सायब, तुमची वाळूच सरळ न्हाई, भिंतीनं काय करावं?" आम्ही हसलो. "आन् उंट लई वंगाळ जात बघा. मालक आला की गुडघं टेकतो, म्या गेलो की थुकतो. त्येलाबी कळतंय कुणाचा पगार किती!" माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमी इंग्लिश शाळंत का? बोला की जरा. आमाला ऐकू तर द्या." मी एक कविता घडाघडा म्हणून दाखवली. त्यानं मान डोलवून दाद दिली आणि मला म्हणाला, "कायबी कळलं न्हाई. झ्याक हाय."

मग भरीत कालवता कालवता तो म्हणाला, "माय, तुमच्या हातचं खाल्लं आन् घरची याद आली. मपलं नाव…"

"जेवा, जेवा!" बाबा जवळजवळ ओरडलेच, आणि त्याच्या पानात भाकरी टाकली.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा सुरुवात केली, "न्हाई, म्हणलं वळख असावी. मी तिकडं…" पिठी वाढली गेली. तो जरा गोंधळून बघत राहिला. मग त्यानं प्रयत्न सोडला.

स्वयंपाकघरात आई कुजबुजली, "अहो, सांगू द्या की त्याला! आपलं माणूस आहे. त्याला काय वाटेल?"

"आजचा दिवस नाही."

"मग कधी?"

"पुढच्या शुक्रवारी बोलावू. तेव्हा निवांत विचारू. पळून थोडाच जातोय."

पळूनच आलेला होता तो, आपल्या पहिल्या मालकाकडून, पासपोर्ट त्याच्याकडेच टाकून. पण ते कळायला आम्ही विचारायला तरी हवं होतं. आईनं उरलेलं जेवण स्टीलच्या डब्यात भरून दिलं आणि "डबा परत द्यायला ये हो" असं बजावलं. माणूस पुन्हा यावा म्हणून तिनं केलेला हा बंदोबस्त. बाबांनी त्याला पंपापाशी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. हिवाळ्यात इथं कधीकधी असं धुकं पडतं, की घरासमोरची गाडी दिसत नाही. नऊच्या सुमारास फोन वाजला. आईनं घेतला. कंपनीच्या ऑफिसातून कुणीतरी फार हळू आवाजात बोलत होतं. आई म्हणाली, "जी… जी… नहीं… कौन?" मग तिनं रिसीव्हरवर हात ठेवला, व्हरांड्याकडे मान वळवली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही वारलात म्हणे."

बाबांची खारी चहात पडली.

"कुणी सांगितलं?"

"ऑफिसातून. तुमची बॉडी दोह्याला आहे. कुणीतरी ओळख पटवायला या म्हणतात."

"मग त्यांना सांग, मी चहा पितोय."

"सांगितलं. ते म्हणतात, मॅडम, शॉकमध्ये असं होतं."

इथं लोक हसायला लागतात आणि इथंच मी चहाला उठते. खरं तर पुढचं वाक्यही आईचंच होतं. ती फोनवर ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा रंग गेला. "डबा," ती म्हणाली. "त्यांना स्टीलचा डबा सापडलाय."

आमच्या सगळ्या भांड्यांवर आईनं नाव कोरून घेतलं होतं. मंडळाच्या जेवणांत डबे इकडचे तिकडे होतात, आणि दोह्यात आणखी एक म्हसकर होते, म्हणून तिनं नुसतं नाव नाही, पूर्ण पत्ताच घातला होता: दत्ताराम गोविंद म्हसकर, दुखान. पहाटे धुक्यात एक पिकअप रस्ता सोडून उलटला. चालक बेशुद्ध, मागं बसलेला माणूस गेलेला. त्याच्या अंगावर कसलंही कार्ड नव्हतं. होता तो फक्त डबा, आणि इस्पितळात देवनागरी वाचणारं कुणीतरी होतं.

आम्ही तिघंही निघालो. मला घरी ठेवायचं बाबांच्या मनात होतं, पण आई म्हणाली, "तिला एकटी ठेवायची नाही. आणि मीही येणार. नवरा जिवंत आहे हे सांगायला बायको नको?"  धुक्यातून हळूहळू जाताना एका ठिकाणी पोलिसांचा दिवा फिरताना दिसला. बाबांनी तिकडे बघितलं नाही.

इस्पितळात बाबा आत जाऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "तोच," एवढंच म्हणाले. टेबलामागचा कारकून हिंदीत बोलणारा, कंटाळलेला, पण वाईट माणूस नव्हता.

"आप दत्ताराम म्हसकर?"

"हां."

"तो अंदर कौन है?"

"मालूम नहीं."

"डब्बा आपका?"

"हां. कल हमारे घर खाना खाया उसने."

"घर बुलाया, खाना खिलाया, डब्बा भर के दिया, और नाम नहीं पूछा?"

बाबा म्हणाले, "हमारे में… नहीं पूछते."

कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "कमाल के लोग हो, साहब."

मग त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलांना सांगावं तसं. नाव नाही तर पासपोर्ट शोधता येत नाही. पासपोर्ट नाही तर वकिलातीचा कागद नाही, आणि तो कागद नाही तर विमान नाही. काही दिवस थांबतील, मग इथंच वाळूत पुरतील. "अभी तो आपके नाम पे रखा है. काट दूँ?"

बाबांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "रहने दो. उसका मिलने तक."

"अहो!" आई दबक्या आवाजात किंचाळली. जिवंत नवऱ्याचं नाव मढ्याच्या पायाला बांधलेलं राहू द्यायचं, हे कुठल्या बाईला सोसेल? तिचा हात मंगळसूत्राकडे गेला. बाबा तिला म्हणाले, "विचारलं म्हणून एक मेला आमच्या तांब्यापाशी. हा न विचारल्यामुळं हरवायचा का?" आई खाली बसली. मग, पदरानं तोंड पुसून, ती मला नाही आणि बाबांनाही नाही, समोरच्या भिंतीला म्हणाली, "असू दे. आज असू दे."

(आता मी दोह्यातल्या अल सद्द भागात राहते. बाबा गेल्यापासून तो दिवस मी पाळते. माणूस शोधायला वणवण करावी लागत नाही. मुलगा गाडी चालवतो आणि आम्ही बिरकत अल अवामेरला जातो, तिथं मजुरांच्या, सगळ्या अनोळखी माणसांच्या, इमारतींमागून इमारती उभ्या आहेत. पाणी अजूनही आधीच देतो, न बोलता. पेला रिकामा झाला की माझी लेक, जिला मराठी समजतं पण बोलायची लाज वाटते, ती पुढं होते आणि हिंदीत विचारते, "अंकल, आपका पूरा नाम?" नावाला नाव जोडून सांगेपर्यंत ती हलत नाही. गावाकडच्या मंडळींना हे कळलं तेव्हा चुलतभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर मला धर्मबुडवी ठरवलं. त्याला मी उंटाचा फोटो पाठवला.)

तर त्या शुक्रवारी आम्ही इस्पितळातून थेट पंपावर गेलो. पंपावरच्या माणसानं इज्ब्याची वाट सांगितली. वाळूतल्या कच्च्या रस्त्यानं गेलो तर अर्धवट भिंत दिसली. आता सांगते ते नाटक नाही: ती अगदी सरळ होती. तिथल्या पत्र्याच्या खोलीत एक बिहारी गडी रोटी भाजत होता. बाबांनी झाल्याचं सांगितलं. तो चूल विझवायला लागला.

"नाम क्या था उसका?"

"मराठी."

"वो तो ठीक है. नाम?"

"हम सब मराठी ही बोलते थे, साहब. वो भी मुड़ के देखता था." त्यानं हात पायजम्याला पुसले. "पूछा नहीं कभी. भगोड़ा आदमी था, हम भी वैसे ही हैं. नाम पूछो तो आदमी डर जाता है."

बाबांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्यासारखा कुणी भेटला म्हणून ते त्याच्याकडे बघत राहिले. जाताना गडी म्हणाला, "बकाले पे जाओ. जुम्मे को वहीं से घर फोन करता था."

बकाला म्हणजे रस्त्याकडेचं वाणसामानाचं दुकान. दुकानदार केरळचा. मराठी म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "हर जुम्मा शाम को. नंबर है ना मेरे पास. वहाँ भी दुकान का नंबर है, आदमी बुला के देता है." भारतात तेव्हा संध्याकाळ झाली होती, त्याची फोनची वेळ झालीच होती. बाबा म्हणाले, "लगाओ." आई गाडीतच बसून राहिली. तिला ते ऐकवणार नव्हतं.

फोन लागला. पलीकडून कुणीतरी खेकसलं, "दुबईवाल्याचा का? थांबा, पाठवतो कुणाला तरी!" आणि रिसीव्हर फळीवर आपटला. आम्ही थांबलो. मी बाबांच्या कानाला कान लावून उभी होते. पलीकडं कुणी साखर मागत होतं, सुट्ट्या पैशांवरून कुरबुर चालली होती, कोंबडी ओरडत होती. मग पळत येणारी पावलं, आणि धाप.

"बाबा?"

लहान मुलीचा आवाज. बाबांनी तापलेला तवा हातात आल्यासारखा रिसीव्हर माझ्याकडं दिला. "नीलू, तू बोल. मला नाही जमत."

मी आयुष्यात रंगमंचावर कधी घाबरले नव्हते. म्हणाले, "मी नीलू बोलतेय. त्यांच्या ओळखीची. आई आहे का गं?"

"आय गिरणीवर गेलीय, यितीय. म्या पळत आले. बाबा कुटं हायती?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तीच म्हणाली, "आज शुक्रवार हाय ना? मंग? तुमी उंट बघितला का?"

"बघितला."

"थुकतो म्हणं."

"हो."

बाबांनी कागद आणि पेन हातात घेऊन माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "तुझं नाव काय गं? पूर्ण सांग. शाळेत सांगतेस तसं."

तिनं धाप आवरली. शाळेत साहेब तपासणीला आले की पोरं ज्या सुरात सांगतात, त्या सुरात, एका दमात म्हणाली, "छाया सुदाम वाघमोडे. इयत्ता तिसरी. तुकडी अ."

मी ते मोठ्यानं म्हटलं. बाबांनी लिहिलं. लिहिलेलं वाचताना त्यांचे ओठ हलले आणि त्यांच्या तोंडून, त्यांच्याही नकळत, हाक मारल्यासारखं बाहेर पडलं: "सुदाम."

 पलीकडं ती आनंदानं ओरडली, "कोण बोललं? आले का बाबा?"

"छाया," मी म्हणाले, "आई आली का गं?"

"आली. ही काय, पीठ घेऊन आली. दिऊ का तिला?"

बाबांनी माझ्यापुढं हात केला, आणि मी रिसीव्हर त्यांच्या हातात ठेवला.